विंचवाचं बिऱ्हाड आणि बॅगेतला दुसरा ग्लोव्ह

मागच्या अंकात २०१८ च्या वर्ल्ड सिरीजबद्दल, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलबद्दल, लिहिताना मी बॉस्टनच्या स्टीव्ह पिअर्सला ‘जर्नीमन कॉर्नर इनफिल्डर’ म्हणून पुढे सटकलो आणि तिथेच सापडलो, कारण मॅचबद्दल एकाने पण विचारलं नाही, पत्रं आली ती सगळी त्या तीन शब्दांवर. ठीक आहे, आता हा अख्खा कॉलम त्यांच्याच नावाने. काही प्रश्न एकसारखे होते ते एकत्र केलेत, काही पत्रं लांब होती ती कापलीत, रागावू नका.

प्रश्न: कॉर्नर इनफिल्डर म्हणजे कोण आणि जर्नीमन म्हणजे कोण? जर्नीमन हा टोमणा आहे का कौतुक?

आधी कोपरा समजून घ्या. इनफिल्ड म्हणजे नव्वद फूट बाजूचा चौकोन, खालच्या टोकाला होम प्लेट जिथे बॅटर उभा असतो, उजव्या हाताला फर्स्ट बेस, डाव्या हाताला थर्ड बेस. या दोन कोपऱ्यांवरचे दोघं ते कॉर्नर इनफिल्डर. थर्ड बेसला ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात, उजव्या हाताच्या बॅटरने पूर्ण जोर लावून खेचलेला बॉल नेमका तिकडेच जातो आणि विचार करायला वेळ मिळतच नाही, हात आपोआप गेला तर गेला, नाहीतर बॉल छातीवर. वर तिथून फर्स्ट बेसपर्यंत थ्रो करायचा तो चौकोनाच्या कर्णाएवढा, १२७ फूट. फर्स्टवाल्याचं काम उलटं, त्याला फेकायचं कमी आणि झेलायचं जास्त, दिवसभर लोकांनी फेकलेलं बरं-वाईट सगळं पदरात घ्यायचं.

जर्नीमन हा शब्द मूळचा कारागिरांचा. शिकाऊपण संपलंय, हातात कसब आहे, पण स्वतःचं दुकान नाही, रोजावर काम करायचं आणि काम असेल त्या मालकाकडे जायचं. बेसबॉलमध्ये जो टीम बदलत बदलत करिअर काढतो तो जर्नीमन. टोमणा का कौतुक ते बोलणाऱ्याच्या सुरावर आहे, कॉमेंटेटर बऱ्याचदा जरा दयेने म्हणतात. मला ती दया पटत नाही. दहा टीमनी सोडलं असं म्हणताना दहा टीमनी घेतलं होतं हे आपण विसरतो, आणि जगातल्या सर्वात कठीण लीगमध्ये दहा वेळा कुणाला तरी तुम्ही हवे होता ही काय साधी गोष्ट आहे का.

प्रश्न: पण भटकायची वेळ या कोपऱ्यातल्या लोकांवरच जास्त का येते? शॉर्टस्टॉप पण बदलतातच की.

बदलतात, पण शॉर्टस्टॉप म्हणजे सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला फिल्डर, त्याची बॅट सुकली तरी त्याला कुणीतरी ठेवून घेतं, कारण ती जागा सांभाळू शकणारी माणसंच कमी. बिल जेम्स नावाच्या आकडेवाल्याने फार वर्षांपूर्वी एक पट्टी मांडली, डिफेन्सिव्ह स्पेक्ट्रम म्हणतात तिला. एका टोकाला कॅचर (बॅटरच्या मागे बसणारा, आपल्या विकेटकीपरसारखा) आणि शॉर्टस्टॉप, म्हणजे सर्वात अवघड जागा, आणि दुसऱ्या टोकाला फर्स्ट बेस, त्याच्या पलीकडे फक्त डीएच म्हणजे जो फिल्डिंग करतच नाही, नुसती बॅटिंग. थर्ड बेस साधारण मधे. आता गंमत अशी की माणूस अवघड जागेवरून सोप्या जागेवर सहज येतो, उलटं जवळपास कुणी जात नाही. म्हणजे ज्याचे गुडघे गेले तो कॅचर फर्स्टला येणार, ज्याचा खांदा गेला तो थर्डवाला फर्स्टला येणार, जाड झालेला लेफ्ट फिल्डर फर्स्टला येणार. क्रिकेटमध्ये पळणं कमी झालेल्या सिनियरला स्लिपला उभं करतात ना, तसं. म्हणजे फर्स्टवाल्याची स्पर्धा दुसऱ्या फर्स्टवाल्याशी नसते, टीममधल्या प्रत्येक म्हाताऱ्या होत चाललेल्या बॅटरशी असते.

म्हणून त्या जागेवर एकच गोष्ट बघतात, किती मारतोस. शॉर्टस्टॉपने वर्षाला दहा होमरन (बॉल थेट मैदानाबाहेर, क्रिकेटच्या सिक्ससारखा) मारले तर वा वा, फर्स्टवाल्याने तेवढेच मारले तर ऑक्टोबरमध्ये बॅग भरून तयार राहायचं.

वरून बेंचचा हिशोब. हा जरा नीट बघा, कारण माझ्या मते या लोकांच्या करिअरचा निकाल बॅटपेक्षा या गणितात आणि कागदपत्रात जास्त लागतो. टीममध्ये २६ जण. २०२२ पासून त्यात पिचर (बॉल टाकणारे) जास्तीत जास्त १३ ठेवता येतात आणि टीम तेवढे ठेवतातच. उरले १३. त्यातले डीएच धरून नऊ जण रोज खेळणार, एक राखीव कॅचर लागणारच, राहिल्या तीन जागा. एक जाते शॉर्टस्टॉप-सेकंड सांभाळणाऱ्याला, एक जाते सेंटर फिल्डमध्ये पळू शकणाऱ्याला. शेवटची एक. त्या एका जागेसाठी देशभरातले सगळे राखीव कॉर्नरवाले टपून बसलेले, आणि मॅनेजर विचारतो, तू लेफ्ट फिल्डला उभा राहशील का? हो म्हणाला तर नोकरी. पूर्वी पिचर कमी असायचे, बेंच लांब असायचा, नुसता पिंच हिटर म्हणून बसून राहणारा जाडजूड फर्स्ट बेसमन ही एक नेहमीची व्यक्ती होती. नॅशनल लीगमध्ये पिचरला पण बॅटिंग करावी लागायची म्हणून त्याच्या जागी हा यायचा. २०२२ ला तिथे पण डीएच कायमचा आला आणि ते कामच गेलं. सगळ्यांना वाटलं आता १५ टीममध्ये डीएचच्या १५ नोकऱ्या वाढल्या, पण बऱ्याच टीम ती जागा कुणा एकाला देतच नाहीत, आज याला विश्रांती उद्या त्याला, अशी फिरवत राहतात.

प्रश्न: प्लेअरला एका टीममधून दुसरीत पाठवतात तेव्हा त्याला विचारतात का? तो नाही म्हणू शकतो का?

बहुतेक वेळा नाही विचारत. सुरुवातीची वर्षं तर अजिबातच नाही. प्रत्येक टीमची ४० जणांची एक मोठी यादी असते, त्यातले २६ वर म्हणजे मेजर लीगमध्ये खेळतात, बाकीचे खाली मायनर लीगमध्ये, म्हणजे त्याच टीमच्या खालच्या छोट्या टीममध्ये. या यादीतल्या प्लेअरवर टीमकडे तीन ‘ऑप्शन’ वर्षं असतात, म्हणजे त्या तीन सीझनमध्ये त्याला हवं तेव्हा खाली पाठवा, हवं तेव्हा वर बोलवा. पूर्वी याला काही मर्यादाच नव्हती, माणूस अक्षरशः यो-यो व्हायचा, २०२२ पासून एका सीझनला पाच वेळाच खाली पाठवता येतं. पाच वेळा! हे सुधारणा म्हणून सांगतात.

तीन वर्षं संपली की ‘आउट ऑफ ऑप्शन्स’. आता खाली पाठवायचं तर आधी बाकीच्या सगळ्या टीमना विचारावं लागतं, घेता का याला, त्याला वेव्हर म्हणतात, ज्या टीमची अवस्था जास्त वाईट तिचा नंबर आधी. आणि यादीत जागा करायची असेल तर ‘डीएफए’, डेसिग्नेटेड फॉर असाइनमेंट. नाव भारदस्त आहे, अर्थ एवढाच की तू आत्तापासून यादीत नाहीस, सात दिवसांत तुझं काय करायचं ते ठरवू, ट्रेड करू, कुणी उचललं तर देऊ, नाहीतर खाली पाठवू किंवा सोडून देऊ. ते दिवस प्लेअर कुठल्याच टीमबरोबर खेळत नसतो, नुसता फोनकडे बघत बसतो. तीन वर्षांची मेजर लीग सर्व्हिस झालेली असेल किंवा आधी एकदा असं खाली पाठवलेलं असेल तर मात्र तो खाली जायला नकार देऊन मोकळा होऊ शकतो. मोकळा म्हणजे बेकार, हे पण आलंच.

आता आपल्या पिअर्सचं २०१२ साल बघा. मार्चमध्ये मिनेसोटाने स्प्रिंग ट्रेनिंगमधूनच, म्हणजे सीझनआधीच्या सरावातूनच, सोडलं. यांकीजने मायनर लीगचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मायनर लीगच्या सर्वात वरच्या पायरीवर, खेळला. जूनमध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने घेतलं. जुलैमध्ये ह्यूस्टनने वेव्हरवरून उचललं. ऑगस्टमध्ये ह्यूस्टनने परत यांकीजला दिलं. सप्टेंबरमध्ये यांकीजकडून परत ओरिओल्सने उचललं. एका उन्हाळ्यात! घर भाड्याने कुठे घ्यायचं सांगा, गाडी कुठल्या शहरात ठेवायची सांगा. आणि याच बाल्टिमोरने २०१४ च्या एप्रिलमध्ये त्याला सोडून दिलं, लगेच त्यांचा फर्स्ट बेसमन क्रिस डेव्हिस दुखावला, मग काही दिवसांतच ‘ये रे बाबा परत’, आणि हा आला आणि त्या वर्षी २१ होमरन मारून दाखवले.

बाकी एका सीझनचा विचाराल तर होजे बाउटिस्टा याच्याही पुढे, २००४ मध्ये तो एकाच सीझनला चार मेजर लीग टीमकडून खेळला, बाल्टिमोर, टॅम्पा बे, कॅन्सस सिटी, पिट्सबर्ग. तेव्हा तो थर्ड बेसमन, कुणालाच धड नको असलेला. सहा वर्षांनी टोरांटोकडून त्याने ५४ होमरन मारले.

प्रश्न: एवढं सगळं करून पैसे किती मिळतात? मेजर लीगवाले कोट्यधीश असतात ना?

वर असाल तर मिळतात, खाली असाल तर नाही, आणि या दोन्हीमधे जिना नाहीये, कडा आहे. २०२५ ला मेजर लीगचा कमीत कमी पगार वर्षाला ७,६०,००० डॉलर. तो सीझनच्या दिवसांवर वाटतात, म्हणजे वर असलेल्या प्रत्येक दिवसाचे साधारण चार हजार डॉलर. एक पायरी खाली ट्रिपल-ए मध्ये २०२३ च्या करारानुसार कमीत कमी पगार ३५,८०० डॉलर, पण तो अख्ख्या वर्षाचा! म्हणजे वर नऊ दिवस राहिलं की खालच्या वर्षाएवढे पैसे. आणि हे ३५,८०० पण आत्ता आत्ता, २०२२ ला मायनर लीगवाले युनियनमध्ये आले त्यानंतरचे. त्याआधी ही पोरं हिवाळ्यात गोदामात नाहीतर कोचिंग क्लासला कामं करायची. जुना जाणता जर्नीमन या किमान आकड्यापेक्षा बरं कॉन्ट्रॅक्ट काढतो म्हणा, आधी वर खेळलेला असतो, एजंट असतो, ‘अमुक तारखेपर्यंत वर घेतलं नाही तर मी मोकळा’ असं कलम घालून घेतो.

पण खरा खेळ दिवसांचा. १७२ दिवस वर काढले की एक वर्ष सर्व्हिस धरतात, सहा वर्षं झाली की फ्री एजंट, म्हणजे हव्या त्या टीमशी करार करायला मोकळा. त्याच्या आधी दोन छोटे टप्पे आहेत ज्याबद्दल स्टार प्लेअर कधी बोलत नाहीत, कारण त्यांना ते आठवतच नसतात. मेजर लीगमध्ये एक दिवस, फक्त एक, काढला की पुढे मेडिकल कव्हरेजचा हक्क मिळतो. आणि ४३ दिवस भरले की पेन्शन. आता विचार करा, ३१ वर्षांचा राखीव थर्ड बेसमन, खात्यावर ३८ दिवस, आणि मॅनेजरने ऑफिसमध्ये बोलावून दार लावून घेतलंय.

प्रश्न: वरच जायला मिळत नसेल तर लोक सोडून का देत नाहीत? वीस वीस वर्षं खालीच खेळणारे आहेत म्हणे, खरंय का?

खरंय, आणि त्यातला माझा सर्वात आवडता माइक हेसमन. थर्ड आणि फर्स्ट बेस. १९९६ ला अटलांटाने ड्राफ्ट केला आणि २०१५ पर्यंत खेळला, वीस सीझन. मेजर लीगमध्ये एकूण मॅच किती? १०९. होमरन १४. आणि मायनर लीगमध्ये होमरन ४३३, हा अमेरिकेच्या मायनर लीगचा रेकॉर्ड आहे. त्याच्याआधी हा मान बझ आर्लेटकडे होता, ४३२, आणि आर्लेट खेळायचा थांबला १९३७ ला. म्हणजे पाऊणशे वर्षांपेक्षा जास्त काळ त्या आकड्याला कुणी शिवलं नव्हतं. ऑगस्ट २०१५ मध्ये टोलेडो मड हेन्सकडून, म्हणजे डेट्रॉइटच्या ट्रिपल-ए टीमकडून, खेळताना हेसमनने ४३३ वा मारला तो पण साधा नाही, बेस भरलेले असताना, ग्रँड स्लॅम.

मला कायम प्रश्न पडतो की हा रेकॉर्ड मिरवायचा की लपवायचा. कारण मायनर लीगमध्ये ४३३ होमरन मारायला दोन गोष्टी लागतात, एक म्हणजे ४३३ होमरन मारण्याची ताकद आणि दुसरी म्हणजे वर कुणी ठेवून न घेणं. हेसमन स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाल्या की आउट) फार व्हायचा, वर त्याची सरासरी .२०० च्या पण खाली होती, म्हणजे पाचात एक हिट पण नाही, हा त्याचा दोष. पण त्याच्या पुढे कोण उभं होतं तेही बघा. २००८ ला डेट्रॉइटमध्ये कोपऱ्यात मिगेल काब्रेरा, ज्याने पुढे ट्रिपल क्राउन मिळवला, म्हणजे बॅटिंगच्या तिन्ही मुख्य आकड्यांत एकाच सीझनला पहिला. २०१० ला मेट्समध्ये थर्ड बेसला डेव्हिड राइट. यांना दुखापत व्हायची वाट बघत बसायचं, म्हणजे चांगल्या माणसाचं वाईट चिंतण्याची नोकरी. मधेच २००८ ला बीजिंग ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून खेळून ब्राँझ पण घेऊन आला. तिथे खेळायला मिळालं का, तर मेजर लीगच्या यादीतल्यांना तेव्हा सोडत नव्हते म्हणून.

सोडत का नाहीत याचं उत्तर बाहेरच्यांनी देऊ नये. टोलेडोत लोक त्याला नावाने हाक मारायचे, मैदान भरायचं, रोज खेळायला मिळायचं. वर बेंचवर बसून च्युइंगगम चघळण्यापेक्षा ते वाईट होतं असं मला तरी वाटत नाही. नंतर तो डेट्रॉइटच्याच मायनर लीग टीममध्ये हिटिंग कोच झाला.

प्रश्न: असे प्लेअर जपानला जातात असं ऐकलं. तिकडे काय सोपं असतं का?

सोपं कसलं. तिथे परदेशी प्लेअर मोजकेच खेळवता येतात, त्यामुळे ज्याला आणलाय त्याने आल्या दिवसापासून होमरन मारायचे, दोन आठवडे बॅट थंड पडली की झालं. परदेशातून मागवतात ते पिचर आणि जोरात मारणारे बॅटर, म्हणून कॉर्नरवाल्यांना तिकीट लवकर मिळतं.

रँडी बासचं उदाहरण सगळे देतात, मी पण देतो. फर्स्ट बेसमन, १९७७ ते १९८२ मध्ये मिनेसोटा, कॅन्सस सिटी, माँट्रियल, सॅन डिएगो, टेक्सस अशा पाच टीम फिरला, एकूण होमरन नऊ. १९८३ ला ओसाकाजवळच्या हानशिन टायगर्सकडे गेला. १९८५ ला ५४ होमरन, ट्रिपल क्राउन आणि टीमला जपान सिरीज. १९८६ ला परत ट्रिपल क्राउन, सरासरी .३८९, जो आजही तिथला रेकॉर्ड आहे. १९८५ ला टीम जिंकल्यावर फॅन्स ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यात उड्या मारत होते, एकेका प्लेअरसारखा दिसणारा माणूस शोधून, आणि दाढीवाल्या बाससारखं गर्दीत कुणीच सापडेना म्हणून चिकनच्या दुकानाबाहेरचा दाढीवाल्या कर्नलचा पुतळाच उचलून पाण्यात टाकला. पुढे टीम वर्षानुवर्षं हरत राहिली तेव्हा कर्नलचा शाप म्हणून बोंब झाली. पुतळा सापडला २००९ ला, टीम परत जपान सिरीज जिंकली २०२३ ला, आणि त्याच २०२३ ला बास जपानच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. अमेरिकेत नऊ होमरनवाला!

काही जण परत येऊन पण दाखवतात. सेसिल फिल्डर १९८९ ला त्याच हानशिनकडे ३८ होमरन मारून आला आणि १९९० ला डेट्रॉइटकडून ५१.

प्रश्न: माझा मुलगा थर्ड बेस खेळतो. कोच म्हणतात फर्स्ट बेस पण शिक. मुलगा नाराज आहे, त्याला वाटतंय आपल्याला खाली ढकललं. काय सांगू?

त्याला टॉड झीलची गोष्ट सांगा. १९८९ ला सेंट लुईसमध्ये कॅचर म्हणून आला. जो टोरी मॅनेजर झाल्यावर त्याला थर्ड बेसला हलवलं. पुढे २००० साली मेट्सनी त्याला घेतलं ते थेट फर्स्ट बेससाठी. सोळा सीझन, अकरा टीम, अकराही टीमकडून होमरन, एकूण २५३, आणि हिट्स २,००४. नुसता कॅचर म्हणून अडून बसला असता तर यातलं किती झालं असतं देव जाणे. १९९८ ला तर मे महिन्यात माइक पियाझाबरोबर डॉजर्सकडून फ्लोरिडाला ट्रेड, आठवडाभरात पियाझा पुढे मेट्सकडे, आणि जुलैच्या शेवटी झील टेक्ससला. तेव्हा बॅगेत दोन-तीन ग्लोव्ह होते म्हणून प्रत्येक ठिकाणी जागा मिळाली. कोच तुमच्या मुलाला खाली ढकलत नाहीयेत, त्याच्या बॅगेत दुसरा ग्लोव्ह टाकतायत.

आणि फर्स्ट बेस सोपं आहे हा गैरसमज त्याने पहिल्याच आठवड्यात काढून टाकावा. तो ग्लोव्ह नसतोच मुळी, मिट असतं, बारा-तेरा इंच लांब, बोटं वेगळी नाहीत, एका मोठ्या पाकळीसारखं वळलेलं. हात त्यात परका वाटतो. पाय बेसच्या मधोमध नाही ठेवायचा, आतल्या कडेला टेकवायचा, नाहीतर पळत येणाऱ्याचे स्पाइक घोट्यावर. नवीन पोरं हमखास करतात ती चूक म्हणजे थ्रो यायच्या आधीच शरीर ताणून उभं राहायचं, फोटोत दिसतं तसं. मग थ्रो दुसरीकडे आला की हलताच येत नाही. आधी दोन्ही टाचा बेसजवळ, गुडघे सैल, बॉल हातातून सुटला, कुठे येतोय कळलं, मग त्या बाजूला पाय टाकायचा. आणि मातीत टप्पा पडणारा थ्रो, त्यासाठी मिट जमिनीला लावून ठेवायचं आणि खालून वर यायचं. वरून खाली गेलात की बॉल खालून निसटलाच समजा, मग एरर थ्रो करणाऱ्याच्या नावावर लागते पण शॉर्टस्टॉपचे डोळे तुमच्याकडे असतात. चांगला स्कूप करणारा फर्स्टवाला असला की बाकीचे तिघं बिनधास्त फेकतात, हे कुठल्या आकड्यात धड दिसत नाही पण क्लबहाउसमध्ये सगळ्यांना माहीत असतं.

एक विचारायचं राहिलं, मुलगा डाव्या हाताने फेकतो का? तसं असेल तर थर्ड बेस विसरा, तिथून फर्स्टला फेकायला अख्खं शरीर फिरवावं लागतं. फर्स्टला मात्र डावखुरा सोन्यासारखा.

प्रश्न: मार्क रेनॉल्ड्सचे २९८ होमरन आहेत. दोन मारायला कुणीच संधी दिली नाही?

नाही दिली. हा पण थर्ड आणि फर्स्टवालाच, आठ टीम, एका सीझनला २२३ स्ट्राइकआउटचा रेकॉर्ड (२००९, त्याच वर्षी ४४ होमरन पण), आणि २९८ वर गाडी थांबली. टीमला तुमचा गोल आकडा नको असतो, यादीत ती जागा हवी असते. त्रास त्याच्यापेक्षा आपल्यालाच जास्त होतो बहुतेक.

प्रश्न: पिअर्सबद्दल लिहिलंत पण त्याने २०१८ ला नेमकं केलं काय ते सांगितलंच नाहीत!

मान्य, चूक माझी. २०१८ च्या जूनच्या शेवटी टोरांटोने त्याला बॉस्टनला दिलं. यामुळे अमेरिकन लीग ईस्टच्या पाचही टीमकडून खेळून झालं, बाल्टिमोर, यांकीज, टॅम्पा बे, टोरांटो, बॉस्टन. वय ३५. डावखुऱ्या पिचरसमोर खेळवायचा म्हणून आणलेला माणूस.

वर्ल्ड सिरीज डॉजर्सबरोबर. तिसरी मॅच १८ इनिंग चालली, ७ तास २० मिनिटं, लॉस एंजेलिसमध्ये मध्यरात्र उलटून गेली, आणि ती संपवली मॅक्स मन्सीने होमरन मारून. आता हा मन्सी कोण? अजून एक कॉर्नरवाला, ओकलंडकडून ९६ मॅचमध्ये ५ होमरन, २०१७ च्या मार्चच्या शेवटी सोडून दिलेला. महिनाभर घरी. मग डॉजर्सने मायनर लीगचं कॉन्ट्रॅक्ट दिलं, ते अख्खं वर्ष ट्रिपल-ए मध्येच काढलं, २०१८ च्या एप्रिलमध्ये वर आला आणि ३५ होमरन. दोन्ही टीमकडे इतके महागडे स्टार, आणि सिरीज फिरत होती कुणीतरी टाकून दिलेल्या दोन फर्स्ट बेसमनभोवती.

चौथ्या मॅचमध्ये आठव्या इनिंगला बॉस्टन एक रनने मागे, समोर डॉजर्सचा पिचर केनली जान्सन, पिअर्सचा होमरन, बरोबरी. नवव्या इनिंगला बेस भरलेले, परत पिअर्स, डबल (एका फटक्यात सेकंड बेस), तीन रन. पाचव्या मॅचमध्ये पहिल्याच इनिंगला त्यांचा दुसरा पिचर क्लेटन कर्शॉला होमरन, आठव्या इनिंगला अजून एक. सिरीज ४-१, एमव्हीपी म्हणजे सिरीजचा सर्वोत्तम प्लेअर पिअर्स. पुढच्या वर्षी दुखापतींमुळे फार खेळला नाही आणि मग थांबला. डाव साधून घेतला म्हणतात तो असा.

प्रश्न: एखादी जुनी मॅच सुचवा, बघण्यासारखी.

दोन सांगतो, दोन्ही झीलच्या. पहिली २००० च्या वर्ल्ड सिरीजची पहिली मॅच, मेट्स विरुद्ध यांकीज, सहावी इनिंग, ०-०. झीलने लेफ्टला उंच मारला, सगळ्यांना वाटलं होमरन, पुढे पळणारा टिमो पेरेझ पण हात वर करून आरामात पळायला लागला, आणि बॉल भिंतीच्या अगदी माथ्यावर आपटून मैदानात परत आला. यांकीजचा रिले (बॉल हातोहात पुढे), शॉर्टस्टॉप जीटरचा होम प्लेटला थ्रो, पेरेझ आउट. मेट्स ती मॅच बाराव्या इनिंगला ४-३ हरले. इंचभर वर गेला असता तर झीलचं नाव आज वेगळ्या यादीत असतं.

दुसरी ३ ऑक्टोबर २००४, शे स्टेडियम, त्याची शेवटची मॅच. ३९ वर्षांचा माणूस, पण त्या दिवशी उभा राहिला ते कॅचर म्हणून, जिथून सुरुवात केली होती तिथे. शेवटच्या बॅटिंगला होमरन मारला. समोरची टीम होती माँट्रियल एक्स्पोज, त्याच्या अकरातलीच एक, आदल्याच वर्षी तिथे खेळून आलेला. आणि ती त्या टीमची पण शेवटची मॅच होती, पुढच्या सीझनला अख्खी टीमच गाव सोडून वॉशिंग्टनला राहायला गेली.